इंग्रजी परीकथेतली आई

डोळ्यांच्या दवाखान्यात शिलाईवालीच्या डोळ्यांत थेंब घातले होते आणि डोळे उघडायचे नाहीत म्हणून बजावलं होतं. त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या सासूसुनेचं बोलणं तिला नुसतं ऐकू येत होतं.

"अगं, पोरीला ते इंग्रजी परीकथांचं पुस्तक कुणी आणून दिलं?"

"मीच. का हो आई?"

"काल तिला वाचून दाखवायला घेतलं. त्यात एक बाई पोराला गोड बोलून जवळ बसवते आणि कुऱ्हाड घालते!"

"बापरे! परीकथेत?"

"पुढच्या गोष्टीतली पोराला विहिरीत ढकलते. तिच्या पुढची जंगलात सोडून येते. परी औषधालासुद्धा नाही."

"जुन्या गोष्टी आहेत हो. आणि त्या बायका सावत्र असतात. सख्खी आई असं करेल का?"

सासूला ठसका लागला.

"आई? पाणी देऊ का?"

"मी सावत्रच आहे गं."

"कुणाची?"

"तुझ्या नवऱ्याची. मी लग्न होऊन आले तेव्हा तो पहिलीत होता. दाराआड उभा राहून माझ्याकडे टकामका बघत होता."

"काहीतरीच काय! आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कुणीच कसं..."

"त्यानं नाही सांगितलं?"

"एका शब्दानंही नाही. देवाशप्पथ."

"अगंबाई!" सासूचा आवाज चिरकला. "म्हणजे विसरला की काय तो?"