आपल्यातली गोष्ट

मी मूळचा पिंपरीचा. म्हणजे जन्म तिथला, शाळा तिथली, वडील कंपनीत फिटर होते, आणि आमच्या गल्लीच्या तोंडालाच गणपती मंडळ, तिथं मी शाळेत असल्यापासून ढोलाच्या मागे, म्हणजे आधी ढोल उचलायला दिला, मग ताणायला दिला, मग कुठं वाजवायला दिला, तेव्हा असंच असायचं. अभ्यासात मी यथातथाच. मग एका एजंटने सांगितलं, ऑस्ट्रेलियाला जा, कुकरीचा कोर्स कर, पुढं पीआर मिळते, म्हणजे कायमचं राहता येतं, तर वडिलांनी कशीबशी जमवाजमव केली आणि आलो मेलबर्नला. कांदा धड चिरता येत नव्हता आणि कुकरी शिकायला आलो, काय सांगू तुम्हाला.

तुम्ही मगाशी विचारलंत ना, की ग्रुपवर एवढा राग आहे तर मुळात गेलास कशाला त्यात, तर तेच सांगतो. मी आलो तेव्हा इथं मला कुत्रं विचारत नव्हतं. निघायच्या आधी मी इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर लिहिलं होतं, मी दत्ता, अमुक दिवशी सकाळी उतरतोय, कोणी एअरपोर्टवरून घेऊन जाईल का. ओळख ना पाळख. आणि मंदार आला. मंदार आयटीतला, माझ्या आधी इथं सेटल झालेला, आता तो ग्रुपचा ॲडमिन आहे. हातात पुठ्ठा घेऊन उभा, त्यावर मराठीत लिहिलेलं, दत्ता. एवढ्या सगळ्या इंग्रजी पाट्यांत माझं नाव मराठीत, मला रडूच आलं हो. घरी नेलं, त्याच्या बायकोने गरम वरण-भात वाढला, आणि मी आईला फोन करून सांगितलं, आई, काळजी करू नको, इथं आपली माणसं आहेत.

तेव्हाचा ग्रुप म्हणजे असा होता. कोणाकडे जास्तीची गादी आहे, कोणाची आई येतेय तिच्यासोबत औषध मागवा, कोणाला मेतकूट पाहिजे, असलं सगळं. मग मीही कितीतरी पोरांना एअरपोर्टवरून आणलं, माझी गाडी म्हणजे धर्मशाळा झाली होती. ग्रुपने मला घर मिळवून दिलं, पहिली नोकरी मिळवून दिली, खोटं कशाला बोलू. बायकोसुद्धा ग्रुपमधल्याच एका वहिनींनी बघितलेली, वैशाली. तिला विचारलं तर म्हणते, तेवढी एकच चूक झाली ग्रुपची.

कुकरी सुटली, पीआर झाली, मग कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पार्क्सच्या क्रूमध्ये लागलो. गवत कापायचं, बिन रिकाम्या करायच्या, तळ्याचा काठ साफ ठेवायचा. पिवळं जॅकेट घालून सकाळी यूटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत बसायचं, आर्वोला, दुपारला म्हणतात इथं तसं, घरी. मला आवडतं काम. आणि मग ग्रुपमधल्यांनीच काढलेल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ढोल सुरू झाला. दोन ढोल आणले होते पुण्याहून, त्याचं पथक झालं. रविवारी डँडेनॉन्गच्या फॅक्टरी एरियात प्रॅक्टिस, कारण रविवारी तिथं सगळं बंद, कोणाची झोपमोड नाही, तक्रार नाही. डॉक्टर लोक, इंजिनिअर लोक, युनिव्हर्सिटीतली पोरं, सगळ्यांना टिपरू कसं धरायचं ते मी शिकवलं. ढोल ठेवायला जागा नव्हती म्हणून माझ्या गॅरेजमध्ये ठेवले. वैशाली म्हणायची, आमच्याकडे गाडी पावसात भिजते आणि ढोल घरात झोपतात. आमची मुलगी ईरा, मराठी ऐकते सगळं पण बोलते इंग्लिश, ती ताशा वाजवायला लागली, आणि काय वाजवते हो, मला माझं पोरपण आठवतं. मेलबर्नमध्ये माझं जे काही होतं ना, घर आणि नोकरी सोडून, ते म्हणजे पथक होतं.

इकडे ग्रुप वाढत गेला. आधी नावं माहीत असायची, मग नुसते फोटो, मग फोटोही नाहीत, गुलाबाचं फूल नाहीतर सिंहाचं तोंड. कोणी चांगला डेंटिस्ट विचारला तरी खाली भांडण. तू कुठल्या पार्टीचा, तू इथं राहून तिथलं का बोलतोस, तू तिथलं का बोलत नाहीस. मी म्हणायचो, जाऊ दे, मोठ्या घरात भांडी वाजतातच. मी आपला तो ग्रुप घरच समजत होतो, तिथंच माझं चुकलं असं लोक म्हणतात. मला अजून तसं वाटत नाही.

तर गेल्या वर्षीचं विसर्जन. रविवारी मिरवणूक, मी स्वतः वाजवलं, हात सोलून निघाले, गजर करत तळ्यावर गेलो, मूर्ती सोडल्या, आरती केली. आणि सोमवारी सकाळी त्याच तळ्यावर माझी शिफ्ट. थर्माकोलची मखरं काठाला लागलेली, प्लास्टिकचे हार, कापराच्या पिशव्या, पेपर प्लेटा झुडपात, आणि एका गणपतीचा हात, रंगवलेला, बांगडी घातलेला, गाळात उभा. बदकं त्या हारांना चोच मारत होती. मी कचरा उचलायचा लांब चिमटा घेऊन गेलो होतो, पण देवाचा हात चिमट्याने उचलवेना हो. खाली बसून हाताने काढला, धुतला.

मग तिथंच बसून ग्रुपवर लिहिलं. फोटो टाकला आणि लिहिलं, अरे लाज वाटू द्या, काल देव म्हणून नाचवला आणि आज कचरा करून टाकला, घाण करायची आणि कोणीतरी उचलेल म्हणायचं ही आपली जुनी खोड, ती विमानात बसून इथपर्यंत आली. एवढंच. पिंपरीला मंडळाच्या कट्ट्यावर मी याच्यापेक्षा जहाल बोललेलो आहे, दर वर्षी बोलायचो, पोरं मला चार शिव्या द्यायची, मी त्यांना सहा द्यायचो, मग सगळे मिळून चहा प्यायला जायचो आणि जाताना पोती घेऊन नदीवर साफ करायचो. रागवायचं कोणाला, आपल्याच माणसाला ना.

पहिला तासभर वा दत्ता, शाब्बास दत्ता. आणि मग कोणीतरी ते ग्रुपबाहेर नेलं. कोणी नेलं ते आजही माहीत नाही, ग्रुप बाहेरच्यांना बंद होता, म्हणजे आपल्यातलंच कोणीतरी. इथं एक पेज आहे, आपल्या लोकांना परत पाठवा वगैरे बोंबलणारं, त्यांच्याकडे ते पोचलं. फोनच भाषांतर करून देतो आता. त्यांनी माझा फेटा बांधलेला, ढोल घेतलेला फोटो लावला, शेजारी तळ्याचा फोटो, आणि वर लिहिलं, बघा, हे स्वतःच कबूल करतात. भाषांतर चुकलं असतं तर मी म्हटलं असतं की चुकलं. पण ते बरोबर होतं, शब्दाला शब्द बरोबर. फक्त मी बोललो होतो घरात, आणि ते वाजलं रस्त्यावर. खाली जे लिहिलं होतं लोकांनी, ते मी तुम्हाला सांगणार नाही, माझ्या मुलीने वाचलंय तेवढं पुरे.

दुपारपर्यंत आपले लोक सुटले. गद्दार. गोऱ्यांचा चमचा. देव मानत नाही हा. आडनावावरून जात काढली माझी, आणि मग त्या जातीवर घसरले, आणि काय सांगू, हे इथं, ऑस्ट्रेलियात. सिडनीत क्वेकर्स हिलला कोणी एक बाबा राहतो, त्याने मला आयुष्यात बघितलं नाही, त्याने गाडीत बसून माझ्यावर व्हिडिओ केला, असे लोक समाजाला विकून खातात म्हणाला. मी पोस्ट काढून टाकली, तर म्हणाले घाबरला. मी समजावून मोठं लिहिलं, तर त्यातलं एक वाक्य उचलून पुन्हा तेच. गप्प बसलो, तर म्हणाले बघा, तोंड नाही दाखवायला.

आणि कामावर टोनी, माझा सुपरवायझर, भला माणूस आहे, तो सकाळी आला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, गुड ऑन यू मेट, कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं. शिव्या परवडल्या हो, ती थाप नको होती. मी म्हटलं, टोनी, नवीन वर्षाच्या सकाळी याच काठावर बियरच्या बाटल्या कोण वेचतं, तू आणि मीच ना, तेव्हा आपण विचारतो का की या कोणत्या लोकांच्या. तो म्हणाला, फेअर इनफ, आणि यूट चालू केली.

आता खरी गंमत ऐका. त्या आठवड्यात माझा फोन खणखणत होता. सगळे खासगीत. दत्ता, तू शंभर टक्के बरोबर आहेस. दादा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. पथकातले, मंडळातले, एक तर कमिटीवरचे काका. मी प्रत्येकाला म्हटलं, मग तिथं लिही ना एक ओळ, की मी दत्ताला ओळखतो, तो असा नाही. एकानेही लिहिली नाही. कोणाचा जॉब, कोणाचा व्हिसा, कोणाच्या बायकोचं डान्स क्लासचं पेज. इथं आलो तेव्हा मला सगळे सांगायचे, या देशात वाट्टेल ते बोलता येतं. येतं की, मी बोललोच. पण हजार लोक बघतायत म्हटल्यावर माणूस ओळखसुद्धा दाखवत नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं. मंदारनेही मेसेज केला. दत्ता, तुझं बरोबर आहे, पण मंडळावर फार प्रेशर आहे, थोडे दिवस तुला ग्रुपमधून काढतोय, समजून घे. समजून घे म्हणाला आणि काढलं.

पुढच्या शनिवारी पथकातले व्हॅन घेऊन ढोल न्यायला आले. पथकाची प्रतिमा म्हणे. त्यांतल्या तिघांचे मेसेज माझ्या फोनमध्ये होते, तुम्ही बरोबर आहात वाले, आणि तेच तिघं माझ्या गॅरेजमधून ढोल उचलत होते आणि माझ्याशी हवापाण्याचं बोलत होते, काय थंडी आहे ना दादा यंदा. मी चहा विचारला, सवयीने. नको म्हणाले. शेवटचा ढोल माझा होता, पुण्याहून आणलेला, तोही त्यांनी उचलला. मी नेऊ दिला. म्हटलं, ढोल घरात ठेवून काय करू, तो वाजायला पाहिजे. वैशाली मात्र संध्याकाळी रिकाम्या गॅरेजमध्ये गाडी लावायला गेली आणि गाडीतच बसून रडली.

आणि ईरा. शाळेत एका मुलाने तिला ते पेज दाखवलं, युअर डॅड सेज यू गाइज आर डर्टी. घरी येऊन तिने मला विचारलं, बाबा, हूज साइड आर यू ऑन. मी म्हटलं, अगं बाजू कसली, मी झाडू मारतो. ती हसली नाही. ती म्हणाली, मी पण सोडते पथक. मी म्हटलं, खबरदार. ताशा तुझा आहे, माझ्यापायी सोडायचा नाही. तिला त्यांनी पथकात ठेवलं, लहान आहे म्हणून, आणि खरं म्हणजे तिच्यासारखं वाजवणारं कोणी नाही म्हणून. तेव्हापासून दर रविवारी मी तिला प्रॅक्टिसला सोडतो आणि फॅक्टरीच्या मागे गाडीत बसून राहतो. आवाजावरून मला कळतं कोणाचा हात चुकतोय. बोलायला जात नाही.

यंदाचं विसर्जन परवाच झालं. यंदा मंडळाने काय केलं माहितीये, मोठा हौद आणला, निर्माल्याला वेगळे पिंप, थर्माकोल बंद, मूर्ती फक्त शाडूच्या. जे मी लिहिलं होतं ते सगळं. बोर्ड लावला, पर्यावरणपूरक उत्सव. वैशालीने तिच्या फोनवर दाखवलं, मंडळाचं कौतुक, लाल बदामच बदाम, त्या क्वेकर्स हिलच्या बाबानेही टाळ्या दिल्यात. माझं नाव कुठंच नाही, आणि नसू दे, तळं स्वच्छ राहिलं. पण मला परत ये असंही कोणी म्हटलं नाही. म्हणजे गोष्ट त्यांना पटली, माणूस नको होता.

विसर्जन चालू होतं तेव्हा मी तळ्याजवळच्या कार पार्कमध्ये गाडीत होतो. गार वारा, काचेवर बुरबुर पाऊस, लांबून ढोल, मधे ईराचा ताशा तडतडतोय, आणि माझे हात स्टीअरिंगवर आपोआप. तेवढ्यात काचेवर टकटक. मंदार. हातात टिश्यूमध्ये गुंडाळलेला मोदक. काच खाली केली. म्हणाला, घे, प्रसाद आहे. यंदा सगळं तू म्हणत होतास तसंच केलंय बघ. मी म्हटलं, बघितलं. मग तो मागे वळून बघतो, परत बघतो, आणि म्हणतो, दत्ता, फक्त एक कर, मी इथं आलो होतो हे कुठं टाकू नकोस. मी म्हटलं, मंदार, टाकायला मला ग्रुप कुठं ठेवलायस. तो कसनुसा हसला आणि गेला, भराभर, गाड्यांच्या आडून. एअरपोर्टवर माझं नाव छातीशी धरून उभा राहिलेला माणूस.

प्रसादाला नाही म्हणता येत नाही. खाल्ला. चांगला होता, गूळ जरा कमी. टिश्यू घडी करून खिशात ठेवला, चुकून खाली पडला असता तर कोणीतरी फोटो काढला असता. बाप्पा सगळ्यांचं बरं करो, त्यांचंही करो, माझी पोर वाजवत राहो, मला आता दुसरं काही नको. तुम्ही हे लिहून छापणार म्हणता, छापा, माझं नाव खरं लिहा, दत्ता, आता मला काय फरक पडतो. मंदारचं तेवढं बदलून टाका. त्याला उगाच त्रास नको.