कमान कुणासाठी वाजली

विमानतळावर धातू तपासणाऱ्या कमानीच्या रांगेत माझ्या पुढे एक नवरा-बायको आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी होती.

“मॅडम, आधीच सांगतो,” नवरा तपासणी करणाऱ्या बाईंना म्हणाला, “आमची पिल्लू आत शिरली की कमान वाजणार.”

“का? खिशात काय आहे तिच्या?”

“खिशात नाही, पोटात. परवा बॅगेच्या कुलपाची चावी गिळलीय तिनं.”

“अगं बाई! डॉक्टरांना विचारलंत?”

“विचारलं. केळी चारा, पडेल आपोआप, म्हणाले. ही डोळ्यांत तेल घालून बघतेय, पण चावीचा पत्ता नाही.”

“ये बाळा, सरळ चालत ये. आलीस की! हूं नाही की चूं नाही.”

“वाजलं नाही? पुन्हा एकदा पाठवू?”

“पाठवा. हे बघा, काही नाही. आता तुम्ही या.”

कमान केकाटली.

“खिसे रिकामे केलेत ना?”

“केले की. पट्टा, घड्याळ, मोबाइल, सगळं ट्रेमध्ये आहे.”

“पँटचा चोरखिसा बघा.”

“चोरखिशात काय असणार... अरे!”

“अहो, चावी! दोन दिवस माझ्या जिवाला घोर, आणि ही तुमच्याकडे?”

“सुटलो एकदाचा! पण पिल्लू, तू गिळली असं का म्हणालीस?”

“बाबा, तूच सारखं विचारत होतास, गिळलीस का, गिळलीस का. नाही म्हटलं की ओरडायचास. हो म्हटलं तेव्हा कडेवर घेतलंस.”

“मग आता घ्या की हो कडेवर!” मॅडम म्हणाल्या. “रांग खोळंबलीय.”