पूजेला मांडलेला हेडफोन

नाही गं, नुसता ब्लूटूथवाला नको — मघापासून तेच सांगतेय मी, आणि तू आपली परत तोच पांढरा डबा पुढे करतेस. दिसायला छान आहे, मान्य. पण हे बघ, कागदावर लिहून आणलंय — डोंगल. ती छोटी कांडी असते ना, कॉम्प्युटरला खोचायची, ती. हसू नकोस. गेल्या आठवड्यापर्यंत मला यातलं काही म्हणता काही कळत नव्हतं, पण डोंबिवलीतली तीन दुकानं फिरून झालीत माझी, आता मीच तुला शिकवीन. ब्लूटूथवर आवाज मागनं येतो. पडद्यावर गोळी सुटते आणि कानात पोचेपर्यंत आपला माणूस मेलेला असतो — असं सम्यक म्हणाला. सम्यक म्हणजे आमच्या नीलचा मित्र, कल्याणला असतो. आणि नील माझा मुलगा, तेविसावं चालू आहे. त्याच्यासाठीच गं! मी काय या वयात गोळ्या झाडत बसणारेय?

आणि गाणीही चांगली ऐकू आली पाहिजेत. दोन्ही. हो, दोन्ही — का, दोन्ही मिळत नाही? हेच, हेच ऐकून मी कंटाळलेय. एक म्हणाला गेमचा घेतलात तर गाणी डब्यातनं आल्यासारखी येतील. दुसरा म्हणाला गाण्यांचा घेतलात तर माइक नाही, मग मित्रांशी बोलणार कसा? तिसऱ्याने तर सरळ सांगितलं, काकू, मुलालाच पाठवा. मुलगा घरी असता तर पाठवला नसता का? पैशाचं बघू नकोस, चांगल्यातला चांगला काढ. फक्त दाबणारा नको. त्याला चष्मा आहे, जाड काडीचा, आणि डोकंही मोठं — जन्मला तेव्हाच नर्स म्हणाली होती, टोपरं मोठं आणा. जुन्याने कानामागे वळ उठायचे. मी खोबरेल लावायला गेले की मान काढून घ्यायचा, पण वळ असायचे, मला दिसायचे. आणि लवकर दाखव बाई, आता साडेबारा झाले, पाचला तो येणारेय घरी. त्याच्या आधी मला हे घेऊन पोचायचंय.

नको, बिस्किट नको, आज संकष्टी आहे माझी. पाणी चालेल.

जुन्याचं काय झालं? बिघडला. कसा बिघडला म्हणजे — बिघडला, वस्तू बिघडतात. नाही, वॉरंटीत बसत नाही. त्या पहिल्या दुकानदाराने उघडून बघितला आणि भर दुकानात मला विचारतो, ताई, आत हे लाल काय आहे? काय सांगणार? कुंकू. हो, कुंकूच. अगं, दसऱ्याला आपण शस्त्रं नाही का पूजत? तुमच्याकडे नाही करत? बरं. आमच्याकडे चौरंगावर पाटी असते, तिच्यावर सरस्वती काढायची, आणि ज्याचं जे हत्यार ते शेजारी मांडायचं. माझी विळी असते, यांची स्कूटरची किल्ली असते, नीलची पुस्तकं असायची. आता पुस्तकं कुठली? म्हणून यंदा मी त्याचा हेडफोन मांडला. झेंडूचं फूल वाहिलं, हळदकुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं. चांगल्या मनाने केलं. सगळे गाडीला करतात, कॉम्प्युटरला करतात, कुणाचं काही बिघडत नाही, नेमकं माझंच —

आणि पूजेला मांडलेलं त्या दिवशी हलवायचं नसतं. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली की मगच. लहानपणी तो किती खूश असायचा — आई, आज अभ्यास नाही ना, पुस्तकं देवाजवळ आहेत ना! त्याचीच मी त्याला आठवण करून दिली. तर म्हणाला, आई, संध्याकाळी मॅच आहे, पाच जणांची टीम आहे माझी, फायनल आहे. मला कुठे माहीत फायनल? सांगतो का तो मला काही? मी म्हटलं, एक दिवस, नील. एक दिवस नाही लावलास कानाला तर काय आभाळ कोसळेल?

अगं, दोन वर्षं. दोन वर्षं मी त्या पोराच्या पाठीशी बोलतेय. दाराशी उभी राहून हाक मारायची, ऐकू जात नाही. आत जाऊन खांद्याला हात लावायचा, तर दचकतो. चोर आल्यासारखा दचकतो माझ्या हाताने. म्हणून नवरात्रात नऊ दिवस उपास धरले. फक्त दूध आणि फळं. देवीला म्हटलं, याच्या कानावरचं ते काळं झाकण जाऊ दे, याला माझा आवाज ऐकू येऊ दे, खणानारळाने ओटी भरीन. झाकणच म्हटलं मी. आणि दसऱ्याला फूल तांब्यात बुडवलं, ते जरा — जरा जास्तच बुडवलं असेल. निथळू द्यायचं असतं ना, ते दिलं नाही. असं डोक्यात नव्हतं गं काही. हात गेला तसा गेला. तू अशी बघू नकोस, तुझं काम कर. तो वरचा डबा काय आहे? काढ तो.

हं. मऊ आहे. हा बरा वाटतोय. माइक आत ढकलता येतो? आणि डोंगल? आहे ना — बघ, मग मघापासून का लपवून ठेवलास? बाहेरचा आवाज बंद होतो म्हणतेस. सगळा? पंखा, मिक्सर, रस्ता. आणि माणसाचा? थोडा येतो? एवढा महाग, आणि माणसाचा आवाज थांबत नाही याच्यात? बरं, गाणं लावलं की तोही जातो. आणि हे बटण दाबलं तर बाहेरचं ऐकू येतं. हां, हे चांगलं आहे. म्हणजे मी हाक मारली की त्याने बटण दाबायचं. पण मग सगळ्यांचंच येणार ना? असं नाही का काही निघालेलं — एकाचा आवाज येईल, एकाचा नाही? विचारून ठेवते आपलं. हल्ली काय काय निघतं.

अगं, यांचा. आमच्या ह्यांचा. मनाने वाईट नाहीत हो. कंपनी बंद पडली तेव्हापासून घरी आहेत, तर बोलतात. जेवायला बसलं की सुरू. भाजीत काय घातलंयस, उपास करून करून घराचं स्मशान केलंस, तुझ्या देवांनी काय दिलं तुला, तुला अक्कल असती तर — असलं. रोजचंच. मला आता ते कुकरच्या शिट्टीसारखं झालंय, वाजतंय तर वाजतंय. मी मनात स्तोत्र म्हणते, ते शेवटाला येईपर्यंत यांचा ताकभात होतो. दसऱ्याला मात्र नील कानावर काही न घेता जेवायला बसला. चौरंगावरनं हिसकून घेतला होता दुपारीच, चालू झाला नाही, मॅच गेली. चिडलेला होता, तरी बसला. श्रीखंडपुरी होती. मला वाटलं, पावली देवी. आता बोलेल माझ्याशी.

बोलला ना. यांचं सुरू होतं नेहमीचं, मी पुरी वाढत होते. तो माझ्याकडे बघत राहिला, घास तसाच हातात, आणि म्हणाला, आई, हे रोज असं बोलतात तुला?

मी म्हटलं, अरे, कुठे काय, जेव तू.

तू रोज ऐकतेस हे?

दोन वर्षांत माझ्याशी एवढंच बोलला तो. मग यांच्याशी भांडला, ताट सारलं, बॅग भरली. म्हणाला, मी सम्यककडे जातोय, शीळफाट्याकडे रूम बघतोय आम्ही, तू पण चल. तू पण चल, म्हणे! मी हसलेच. म्हटलं, वेड्या, सणाच्या दिवशी बाई घर सोडते का? आज नववा दिवस. उरलेले कपडे न्यायला येतोय पाचला. म्हणून तर हा हवाय — हातात ठेवीन, म्हणीन, हे घे बाबा, तुझा तुला आणून दिला, मी कध्धी हात लावणार नाही, राहा इथेच. राहील ना? तुला काय वाटतं? नवी वस्तू बघितली की तरुण मुलं —

बरं, घालून बघते. थांब, अंबाड्याला अडकतंय. हं. असा? आता काय दाबतेस तू —

अगं बाई.

तो पलीकडचा हॉर्न वाजत होता तो गेला? आणि तुमचा तो पंखा? फिरतोय तर. तुझे ओठ हलतायत, पण लांबनं आल्यासारखं येतंय. कानात पाणी गेल्यावर होतं ना, तसं झालंय. गाणं लाव बघू. कुठलंही लाव, देवाचंच पाहिजे असं नाही. हो. हो, छान आहे. छानच आहे. तू काय म्हणालीस? काय? कळत नाही मला. ते मागचे गृहस्थ मला काही म्हणतायत का? बघ, मला कुणीच काही म्हणत नाहीये.

असा बसायचा तो. माझ्या स्वयंपाकघराला लागून, एका भिंतीपलीकडे. मी तिकडे ऐकत आणि तो इकडे... आणि मी त्याला परत इथेच बसवायला निघालेय. हे डोक्यावर घालून. माझ्या हाताने.

गाणं जरा बारीक कर, तुझं ऐकू येऊ दे. नको, पिशवीत नको घालूस. तुम्ही घरपोच पाठवता ना? मग पत्ता लिही, माझ्याकडचा नाही, कल्याणचा. सम्यकचं घर, हा कागदाच्या मागे आहे बघ. नाव नील. पाठवणाऱ्याचं नाव घालावंच लागतं? घाल मग, आई घाल. नाही, पाचच्या आत पोचायची काही गरज नाही आता. कपडे काय, मीच घडी करून ठेवीन सगळे, दोन बॅगा लागतील. हा? हा दाखवायचा आहे होय, नवा डब्यातला वेगळा जाणार. काढते ना. काढते गं. तू जा, ते गृहस्थ कधीचे उभे आहेत, त्यांना काय हवंय ते बघ आधी.