डावीकडं साफ

(शिरवळजवळ महामार्गालगतच्या एका हॉटेलाबाहेर उभी असलेली, शोरूममधून चालवून बघायला आणलेली निळी गाडी. स्टिअरिंगवर अपेक्षा, शेजारी तिची आई बनाबाई, मागच्या सीटवर वडील तात्याबा.)

बनाबाई – न्हाई गं बाई, काळी नकोच. तिच्यात बसायचं म्हंजी आडात उतरल्यागत. शोरूमच्या शिवांजली मॅडमनी हात दिला म्हणून वर तरी आले.

अपेक्षा – आई, सेडान खालीच असते. बसल्यावर कशी वाटली ते सांग की.

बनाबाई – गादी झकास हाय. पर लय मऊ. खंबाटकीच्या घाटात नुसती डुलत हुती. पोटातली भाकरी गळ्याशी आली माझ्या.

अपेक्षा – आणि पांढरी?

बनाबाई – पांढरीचं दार चांगलं हाय.

अपेक्षा – पंचावन्न लाखांची गाडी, आणि तुला आवडलं काय, तर दार?

बनाबाई – मग? लावलं की धप्प वाजतंय. ब्यांकेतल्या तिजोरीगत.

तात्याबा – बरोबर बोलती ती. दार कसं लागतं त्यावरनं गाडीचं काम कळतं. पांढरी पक्की गाडी हाय. वळणाला अशी रस्ता धरून जाती की बास. सातारच्या अलीकडं तू एवढं वेडंवाकडं वळवलंस, तरी तिनं सांभाळून घेतलं.

अपेक्षा – मी वेडंवाकडं वळवलं?

तात्याबा – आन् ब्रेक दाबत न्हाईस तू, झुरळ मारतीस. आराम गाडीच्या गादीत नसतोय पोरी, ब्रेकवरल्या पायात असतोय. आमचे कर्नल साहेब उधमपूरच्या रस्त्याला मागं बसून कपबशीतनं चहा प्यायचे. बशीत थेंब सांडला न्हाई कवा.

बनाबाई – झालं. आलं उधमपूर.

अपेक्षा – आबा, पण पांढरी स्पीडब्रेकरवर कशी होती?

तात्याबा – स्पीडब्रेकरला मात्र मणके मोजून घेतले तिनं माझे. एक सुटला न्हाई.

अपेक्षा – तेच विचारतेय. मागच्या सीटचं सांगा मला. मांडीला खालून आधार मिळतो का? गुडघे पुढं टेकतात का? एसी मागपर्यंत येतो का?

तात्याबा – मागच्या शिटाचं मला काय इचारतीस? चोवीस वर्सं फौजेत गाडी चालवली. मागची डावी शीट साहेबाची. आपण कवा बसलो न्हाई तिथं.

अपेक्षा – आता बसलायत ना?

तात्याबा – तू बसवलंस म्हणून. काळीत मागं बसवलंस, पांढरीत मागं, आज निळीतबी मागं. तीन गाड्या झाल्या, एकीचं स्टिअरिंग मला धरू दिलं न्हाईस. मागनं गाडीची काय पारख व्हती? नवरी दारामागनं बघितल्यागत.

अपेक्षा – बरं, मागूनच सांगा. निळी कशी आहे?

तात्याबा – खरं सांगू? पाय पसरून बसलोय. पाठ कुठं दुखंना. किंमतबी दोघींच्या मधली. तुमच्या कंपनीतले सगळे हीच घेत्यात म्हणालीस, त्यात काय चूक न्हाई. पर मला न्हाई पटली.

अपेक्षा – का?

तात्याबा – मुकी हाय. इंजान चालू हाय का बंद, कळत न्हाई. काच वर केली की बाहेरचं काय म्हंता काय ऐकू येत न्हाई. मघाशी एवढा मोठा कंटेनर शेजारनं गेला, मला पत्ता न्हाई.

अपेक्षा – आबा, लोक त्यासाठीच तर पैसे मोजतात. बाहेरचा आवाज आत नको म्हणून.

तात्याबा – लोकांचं लोकांपाशी. गाडी चालवणाराला कान लागत्यात.

अपेक्षा – चालवणाऱ्याला डोळे लागतात, आबा.

बनाबाई – अपेक्षा...

अपेक्षा – आई, आता बोलू दे मला.

तात्याबा – काय बोलायचंय?

अपेक्षा – गेल्या दिवाळीत आपण तुमच्या जीपमधून तासगावला मावशीकडं निघालो होतो. मी मागं होते. कराडच्या पुढं एका नाक्यावर उजवीकडं वळायचं होतं. तुम्ही थांबलात. रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना काही म्हणजे काही नव्हतं. मागून हॉर्न वाजत होते आणि तुम्ही हलत नव्हता.

तात्याबा – इंजान तापलं हुतं.

अपेक्षा – तेव्हाही तेच म्हणालात. पण आईला डुलकी लागली होती. तुम्ही तिला कोपरानं ढोसलंत. ती दचकून उठली, डावीकडं बघितलं, म्हणाली, "साफ हाय." आणि मग तुम्ही गाडी काढलीत.

तात्याबा – ती फौजेतली रीत हाय. शेजारी बसलेल्यानं डावीकडचं सांगायचंच असतंय. "लेफ्ट साफ" म्हटल्याबिगर आमचा ट्रक हलत नसायचा.

अपेक्षा – मीही इतके दिवस तसंच समजत होते. आबांची फौजेतली सवय, आई हौसेनं करते. माझ्या पोरीसुद्धा खेळात म्हणतात, साफ हाय, साफ हाय. पण रीत असती तर तुम्ही स्वतः मान वळवून बघितलं असतं. तुम्ही बघितलंच नाही. आईची वाट बघत बसलात.

तात्याबा – बने, तू सांगितलंस हिला?

बनाबाई – माझ्या गळ्याची शप्पत, चकार शब्द न्हाई काढला मी.

अपेक्षा – तिनं नाही सांगितलं. तुमच्या फ्रीजच्या दारात, विरजणाच्या वाटीमागं डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली होती. तिच्यावर मिरजेच्या डॉक्टरांचं नाव. मी जाऊन भेटले त्यांना. काचबिंदू आहे. डाव्या बाजूची नजर गेलीय, ती परत यायची नाही. राहिलीय ती थेंबांनी टिकेल. आणि गाडी बंद करा, असं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय तुम्हाला.

तात्याबा – डाक्टरला काय कळतंय गाडीतलं?

अपेक्षा – त्यांना डोळ्यांतलं कळतं.

तात्याबा – चोवीस वर्सांत गाडीला ओरखडा न्हाई माझ्या. पुढं गावात ही तीस वर्सं. कुणाच्या कोंबडीला धक्का लागला न्हाई. आन् तू मला मागं बसवून, गुडघे टेकतात का इचारतीस! सरळ जीपची चावी मागायची हुतीस की. तेवढ्यासाठी पन्नास लाखाची लाच कशाला?

अपेक्षा – सरळ मागितली असती तर दिली असती?

तात्याबा – न्हाई.

अपेक्षा – मग? मला वाटलं, तुम्हाला हवीशी वाटेल अशी मागची सीट शोधावी. गाडी मला ऑफिसला घ्यायचीच होती. पण सगळी तुलना मी तुमच्यासाठी करत होते. चुकलं माझं. पण मला भीती वाटते आबा. फोन वाजला की आधी तुमची जीप आठवते.

तात्याबा – पुढं बसलेला माणूस ड्रायव्हर असतोय. मागं बसलेला एक तर साहेब, न्हाय तर पेशंट. मी साहेब न्हाई.

बनाबाई – आवं, मी बोलू का?

तात्याबा – तू काय बोलणार? तुझं काय बिघडलं? आपलं दोघांचं झकास चाललं हुतं.

बनाबाई – तुमचं चाललं हुतं. ही पोरगी घटकाभर इचारती, आई गादी कशी, आई दार कसं. माझा आराम मला कुणी इचारला न्हाई. दोन वर्सं झाली, गाडीत पाठ टेकून बसले न्हाई मी. माहेराला जाताना खिडकीतनं द्राक्षाच्या बागा दिसत्यात, त्या बघितल्या न्हाईत. ट्रॅक्टर कुठनं येतोय, फटफटी कुठनं येती, येवढंच बघतीया. घरी आलं की मान आखडती. त्या दिवाळीला एकदाच डोळा लागला, तर ढोसून उठवलंत.

तात्याबा – आगं, मग बोलायचं न्हाईस?

बनाबाई – काय बोलू? तुमी जीपची चावी फिरवली की पंचवीस वर्सांचं व्हायचा. ते मोडवंना मला. पर मलाबी लय भ्या वाटतं. माझं ध्यान चुकलं आन् कुणाचं लेकरू आडवं आलं तर? ते माझ्याबी जिवाला लागलं असतं का न्हाई?



अपेक्षा – आबा?

तात्याबा – मॅडम किती वेळानं येणार म्हणाल्या?

अपेक्षा – त्या हॉटेलात बसल्यात. म्हणाल्या, खंबाटकीच्या अलीकडच्या खंडाळ्यापर्यंत फिरवून आणा.

तात्याबा – मग हितं उभी करून काय पारख व्हती? काढ गाडी.

अपेक्षा – काढते. उजवीकडं वळायचंय. आई, डावीकडं बघ गं जरा, तो टेम्पो आडवा लावलाय.

तात्याबा – तिला नगं इचारूस.

अपेक्षा – अहो, पण टेम्पोमुळं...

तात्याबा – तुझे डोळे चांगले हायत ना? मग गाडी बोटभर फुडं घे, मान वळव आन् स्वतः बघ. बने, तू पाठ टेक. त्या शिटाला मागं पाडायचा खटका हाय, मघाशी मॅडम दावत हुत्या.

बनाबाई – हा व्हय? अगं बया, झोपाळाच की.

अपेक्षा – साफ आहे, आबा.

तात्याबा – पक्कं?

अपेक्षा – पक्कं.

तात्याबा – चल मग. आन् फुडं खड्डा दिसला तर आधीच पाय हलका कर. झुरळ मारू नगंस.

अपेक्षा – बरं. हा बघा, कंटेनर चाललाय शेजारून. आला आवाज?

तात्याबा – न्हाई.

अपेक्षा – स्पीडब्रेकर आला.

तात्याबा – गेला का?

अपेक्षा – गेला. आता जरा बरा दाबला ना ब्रेक?

तात्याबा – बरा. आमच्या साहेबाच्या बशीत दोन थेंब सांडले असते. पर बरा.

अपेक्षा – आबा, खंडाळा आला. इथून वळवून घेऊ?

तात्याबा – नगं. घाटापातूर जाऊ दे.

अपेक्षा – मॅडम वाट बघत असतील.

तात्याबा – बघू दे.

अपेक्षा – म्हणजे मग हीच घ्यायची का? निळी?

तात्याबा – हळू बोल. तुझी आई झोपलीया.