उंब्रजच्या डॉक्टरांचा विमा

विम्याचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत उंब्रजला माझे एक डॉक्टर मित्र होते. विमा उतरवणाऱ्यांची तब्येत तेच तपासायचे. एजंट म्हणायचा, “आवं डाक्टर, तुमचाबी उतरवा की. हात-पाय गेला तरी आधार व्हतो.” ते म्हणायचे, “आधी थोरलीचं लग्न होऊ दे.”

एकदा गळू फोडताना चाकू त्यांच्याच बोटाला लागला. विष चढलं. मिरजेला नेलं; जीव वाचला, पण उजवा हात काढावा लागला. दवाखाना बंद पडला.

मी भेटायला गेलो, तेव्हा वहिनी लोकांकडं स्वयंपाकाला निघाल्या होत्या. त्या गेल्यावर डॉक्टर म्हणाले, “गड्या, मी मेल्यावर हिचं काय, हा विचार यायचा. पण हे जिवंतपणी बघावं लागेल, असं कधी वाटलंच नाही रे.”