रागवायचं कुठल्या भाषेत?

...आणि वर हेडबाई मला म्हणतात, तुमच्या वर्गात शिस्त नाही. अहो, शिस्त लावायची तर रागवायला नको? मग मला एवढंच सांगा, रागवायचं कुठल्या भाषेत?

तुम्हाला सांगते, आमची शाळा म्हणजे पत्र्याची एक खोली. शेजारी उंच इमारतीचं बांधकाम. तिथला मिक्सर सुरू झाला की इथे फळा थरथरतो. आणि पोरं म्हणाल तर चार दिशांची! आईबाप कामामागे फिरणारे, प्रत्येकाची बोली वेगळी, पुस्तकाची भाषा त्याहून वेगळी, आणि पुस्तक तरी तिघांत एक... मी "बसा" म्हटलं की अर्धी बसतात, उरलेली माझ्या तोंडाकडे बघत उभी, जसं काही मी गाणं म्हणतेय.

पण पोरं हुशार हो! त्यांनी आपली आपणच साखळी लावलीय. पुढे बसतात आमचे वकीलसाहेब, एवढंसं पोर, नाकावर चष्मा, त्यांना माझी भाषा येते. ते सांगतात रिबीनवालीला, तिच्या भाषेत. रिबीनवाली सांगते चिमणीला, झोपड्यांत खेळता खेळता शिकलेल्या तिसऱ्याच मोडक्यातोडक्या भाषेत. चिमणी म्हणजे गवंड्याची पोर. नाव आपलं चिमणी, पण शाळेत आल्यापासून चिवचिव म्हणून नाही. नुसती ऐकते.

तर या बाईसाहेबांनी एकदा काय करावं? खडू मळलेत म्हणून सगळे बादलीत घालून स्वच्छ धुतले! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कान उपटीन, उद्यापासून येऊ नकोस, खडू काय झाडाला लागतात? वकीलसाहेबांनी मान हलवली, त्यातलं थोडंसं पुढे सांगितलं. रिबीनवालीनं त्याहून थोडं. आणि चिमणी आली ती थेट माझा पदर धरून मला चिकटून उभी! मी विचारलं, अरे, तिला सांगितलंत तरी काय? तर वकीलसाहेब गंभीरपणे म्हणाले, "बाई दमल्यात, असं सांगितलं."

आता रागवा! कुठल्या भाषेत रागवाल?

पुढचं ऐका. एके दिवशी चिमणीचा बाप दारात, कोपरापर्यंत सिमेंट. सोबत मुकादम. मुकादमानं निरोप सांगितला, की पोरगी इथे तोंड उघडत नाही, मग शिकते काय? त्यापेक्षा घरी राहून धाकट्या भावाला सांभाळेल. एवढं बोलून तो कामाला पळाला, आणि उरलो मी आणि तिचा बाप, दोघं एकमेकांपुढे मुके! अशी गेलेली पोर परत येत नाही, मी पाहिलंय ते. मी सुटलेच. म्हटलं, एवढीशी पोर ती, तिनं बाळं सांभाळायची? ती बोलत नसेल, पण तिचे डोळे बघा, सगळं टिपतात, तिचं वाटोळं करू नका...

वकीलसाहेबांनी सांगितलं. रिबीनवालीनं सांगितलं. आणि साखळी थांबली. बापाची बोली येणार कुणाला? एकट्या चिमणीला!

आणि चिमणी बोलली. बापाचं बोट धरून, वर बघत, आधी हळू, मग भडाभडा, हात नाचवून... मला एक शब्द कळेल तर शपथ! पण डोळ्यांना धारा लागल्या माझ्या. बापानं ऐकलं, डोकं खाजवलं, माझ्याकडे बघून कसनुसा हसला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी चिमणी हजर. कडेवर बाळ!

साखळीतून विचारलं, हे काय? तर साखळी उलटी फिरून उत्तर आलं, "बाईंनी बाळालाही बोलावलंय, असं बाबांना सांगितलं." मी? मी कधी बोलावलं? आता या लबाडीवर रागवायचं कुठल्या भाषेत? आणि रागवायचं तरी कसं, बाळानं तोवर माझी माळ तोंडात घातली होती.

त्याला पोत्यावर निजवलं आणि मिक्सरच्या वर आवाज चढवून पाढे सुरू केले. तोच चिमणी उठली, माझ्यापाशी आली, ओठांवर बोट ठेवलं, आणि माझ्या भाषेत, एकही चूक नाही हो, म्हणाली,

"बाई, हळू बोला. बाळ झोपलंय."

शाळेत आल्यापासून तिच्या तोंडून ऐकलेलं माझ्या भाषेतलं हे पहिलं वाक्य. आणि ते मला रागवायला!

काय करणार... तेव्हापासून आम्ही पाढे कुजबुजत म्हणतो.