दहा मिनिटं पुढे

डहाणू स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडे निलम सेल बदलायला आली होती. तिच्या पुढे उभ्या बाईने दुरुस्त झालेलं चावीचं, पुरुषी घड्याळ मनगटावर चढवलं आणि ती एकदम भडकलीच.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

"साफ केलं, बायजीबेन. दहा मिनिटं पुढे होतं, तेही बरोबर लावून दिलं."

"कोणी सांगितलं होतं? माझ्या बाबांनी मुद्दाम पुढे ठेवलेलं ते!"

"मुद्दाम?"

"मग! तलासरीकडच्या आमच्या पाड्यात तेव्हा हे एकच घड्याळ. सकाळची एसटी गेली की शाळा राहिली, दवाखाना राहिला. बाबा हे बघून घरोघर हाका मारायचे. एकाचीही गाडी कधी चुकू दिली नाही त्यांनी."

"आता तर सगळ्यांकडे मोबाइल आलेत."

"येऊ देत. परीक्षेला निघालेल्या पोरी अजून मलाच विचारतात, 'बायजी, बाबांच्या घड्याळात किती वाजले?'"

"बरं बाई, द्या इकडे. चांगलं पंधरा मिनिटं पुढे करून देतो."

"दहाच करा. त्याहून जास्त खोटं माझे बाबा कधी बोलले नाहीत."